येशू जवळचा, पण पिता परका वाटतो

*प्रिय मावशी, सलाम.*

*माझं वय 41. सात महिन्यांपूर्वी आईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही जवळजवळ गेलं. डॉक्टर म्हणाले, बीपी बरीच वर्षं चढं होतं, मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली. मी आईजवळ राहते, नोकरी घरून करते. दादा दुसऱ्या शहरात असतो. महिन्याला पैसे पाठवतो आणि फोनवर ‘प्रार्थना करतोय’ म्हणतो. गेल्या महिन्यात आमच्या महिला प्रार्थनासभेतल्या एक ज्येष्ठ बाई घरी आल्या होत्या. आईच्या उशाशी उभ्या राहून म्हणाल्या, “या घरात न कबूल केलेलं पाप आहे, म्हणून पित्याने हात उगारलाय.” आईला बोलता येत नाही, पण ऐकू सगळं येतं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.*

*तेव्हापासून मी उपास धरते, रात्री गुडघ्यांवर बसून जुनी पापं आठवत राहते. येशूशी बोलायला मला कधीच जड गेलं नाही. पण त्याच्या मागे जो पिता आहे त्याची भीती वाटते. येशू दयाळू, आणि पिता हिशेबाची वही उघडून बसलेला. जणू माझे देव दोन आहेत. दिवस सगळा आईचं करण्यात जातो, बायबल उघडणंही होत नाही. म्हणून तो आणखी रागावत असेल का? माझा विश्वास खोटा आहे का?*

*– दोन देवांमध्ये अडकलेली*

पोरी, तुलाही सलाम.

आधी आईच्या उशाशी बोललं गेलेलं ते वाक्य निकालात काढू. ते तिथून हलल्याशिवाय मी पुढे काहीही लिहिलं तरी तुझ्या कानात शिरणार नाही.

तो प्रश्न त्या बाईंच्या कितीतरी आधी येशूच्या शिष्यांनीच विचारून ठेवलाय. योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय काढ. जन्मापासून आंधळा असलेला एक माणूस वाटेत दिसतो आणि शिष्य विचारतात: गुरुजी, पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? तो माणूस तिथेच आहे. डोळे गेलेले असले तरी कान शाबूत आहेत. त्याच्यादेखत त्याच्या आईबापांच्या पापाची चर्चा! येशूचं उत्तर सरळ आहे: याने नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. देवाची कार्यं याच्या ठायी दिसावीत म्हणून, असंही तो पुढे म्हणतो, आणि ते वाक्य मला अजूनही सोपं जात नाही, खोटं कशाला सांगू? पण येशू त्यावर प्रवचन देत बसत नाही. दिवस आहे तोवर काम केलं पाहिजे, एवढं बोलून तो जमिनीवर थुंकतो, माती कालवतो, त्या माणसाच्या डोळ्यांना लावतो आणि शिलोहाच्या तळ्यावर जाऊन धू म्हणतो.

लूकच्या तेराव्या अध्यायात त्याच शिलोहाचा बुरूज कोसळून 18 जण दगावल्याची गोष्ट निघते. यरुशलेमात राहणाऱ्या बाकी सगळ्यांपेक्षा ते जास्त अपराधी होते असं तुम्हाला वाटतं का, असं येशू विचारतो आणि स्वतःच नाही म्हणतो. त्याच दमात तो पश्चात्तापाचंही बोलतो, पण समोर उभ्या असलेल्यांना. मेलेल्यांच्या माथी काही मारत नाही. तेव्हा त्या बाई मोठ्या असतील, त्यांचं पाठांतरही चांगलं असेल, पण या बाबतीत त्यांचं म्हणणं येशूने दोनदा खोडून काढलेलं आहे. हे आईला मोठ्याने वाचून दाखव. दोन्ही अध्याय. तिच्याजवळ बसून, सावकाश.

आता तुझे दोन देव.

हे तुलाच पहिल्यांदा सुचलं असं समजू नकोस. दुसऱ्या शतकात मार्सियन नावाचा एक श्रीमंत माणूस होता. तो काळ्या समुद्राकाठच्या सिनोपीचा, रोमला येऊन तिथल्या ख्रिस्ती मंडळीत सामील झालेला. त्याने अगदी हेच शिकवायला सुरुवात केली: जुन्या कराराचा, म्हणजे बायबलच्या येशूआधीच्या भागाचा, न्याय करणारा कठोर देव वेगळा आणि येशूने दाखवलेला कृपाळू देव वेगळा. मग त्याने शास्त्राला कात्री लावली. जुना करार सगळाच वगळला. लूकचं शुभवर्तमान काटछाट करून ठेवलं आणि प्रेषित पौलाची दहा पत्रं. इसवी सन 144 च्या सुमारास रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढलं. मंडळीने नाही म्हटलं, कारण येशू स्वतः ज्याला पिता म्हणत होता तो आयत्या वेळी सापडलेला कुणी नवा देव नव्हता. जुन्या करारातल्या स्तोत्रकर्त्याने गायलेलाच तो. बाप लेकरांवर ममता करतो तशी तो ममता करतो, असं 103व्या स्तोत्रात आहे. त्याच करारातल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात तर तो म्हणतो, आई एखाद वेळी तान्ह्याला विसरेल, पण मी तुला विसरणार नाही. तुझा ‘हिशेबाची वही’वाला देव जुन्या करारातून आलाय असं तुला वाटत असेल, तर तो करार पुन्हा वाच. माझा संशय वेगळाच आहे. तो देव आपण लहानपणी ऐकलेल्या रागावलेल्या आवाजांतून जास्त आला असावा.

पण तुझी खरी अडचण जुन्या कराराची नाही. येशूच्या *मागे* कोणीतरी वेगळा उभा आहे, ही तुझी अडचण आहे. आणि त्या मागच्या जागेबद्दल येशू काय म्हणाला ते ऐक. योहानाच्या बाराव्या अध्यायाच्या शेवटी त्याचं लोकांसमोरचं अखेरचं बोलणं आहे. अधिकाऱ्यांपैकीही पुष्कळांनी त्याच्यावर विश्वास ठेवलेला, पण सभास्थानातून घालवून देतील या भीतीने ते गप्प. तेव्हा तो मोठ्याने म्हणतो: जो माझ्यावर विश्वास ठेवतो तो माझ्यावरच नव्हे तर ज्याने मला पाठवलं त्याच्यावर ठेवतो; आणि जो मला पाहतो तो त्यालाच पाहतो. पुढे म्हणतो, मी जगाचा न्याय करायला नाही, तर जगाचं तारण करायला आलो आहे. आणि मी माझ्या मनचं बोललेलो नाही, काय बोलायचं तेही पित्यानेच सांगितलं.

म्हणजे दयाळू येशू वरच्या रागीट मालकाची समजूत घालतोय, असा प्रकारच नाही. येशूत तुला जी दया दिसते ती पित्याचीच आहे. तुझं येशूशी जुळतं ना? मग ज्याच्याशी जुळत नाही असं तुला वाटतं, त्याच्याशीच तू इतकी वर्षं बोलत आलीस.

तरी मन ऐकत नाही, मला माहीत आहे. येशूचा शिष्य फिलिप्प, त्याचंही ऐकत नव्हतं. येशूला धरून नेलं त्या शेवटच्या रात्री तो म्हणतो, प्रभो, आम्हाला पिता दाखवा, म्हणजे झालं. येशू म्हणतो, इतका काळ मी तुमच्याजवळ आहे तरी तू मला ओळखलं नाहीस का, फिलिप्पा? ज्याने मला पाहिलं त्याने पित्याला पाहिलं. हे वाक्य विश्वासणाऱ्या घरांत पोरासोरांनाही पाठ असतं. पण ते कधी बोललं गेलं, हे कुणी फारसं बघत नाही. त्याच संध्याकाळी येशू जेवणावरून उठला होता, बाहेरची वस्त्रं बाजूला ठेवून कमरेला रुमाल बांधला होता, गंगाळात पाणी ओतलं होतं आणि एकेका शिष्याचे पाय धुवून त्या रुमालाने पुसले होते. त्यांत फिलिप्पाचेही पाय आले. म्हणजे फिलिप्प ‘पिता दाखवा’ म्हणत होता तेव्हा पिता कसा आहे हे त्याने नुकतंच, स्वतःच्या पायाशी वाकलेलं पाहिलं होतं. त्याला ते पित्याचं दर्शन वाटलं नाही, एवढंच.

आता तुझ्या दिवसाकडे ये. पडून राहणाऱ्या माणसाच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, हे तू मला सांगायला नको. तोंड पुसायचं, चादर ओढून सरळ करायची, निकामी हात उशीवर नीट ठेवायचा, ती काय म्हणू पाहतेय ते तीनतीनदा विचारून ओळखायचं. हा देवाच्या वाट्याचा चोरलेला वेळ आहे आणि त्याचा दंड उपासाने भरायचा, असं तुला वाटतंय. ज्या देवाची ओळख रुमाल बांधलेल्या माणसातून झाली, तो या कामावर का रागावेल? बायबल उघडता आलं नाही तर आईची कूस बदलताना एखादं वचन म्हण. तेही जमलं नाही तर नुसती कूस बदल. रात्रीचे उपास आत्ता थांबव. भुकेल्या, जागरणाने आंबलेल्या अंगाने तू आईला उचलणार आणि दोघी पडणार. जुन्या करारातला संदेष्टा एलिया थकून रतामाच्या झुडपाखाली मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला आधी झोपू दिलं, खायला दिलं आणि पुन्हा झोपू दिलं. बोलणं पुढे कधीतरी.

येशू कधी रागावतच नव्हता, असं मात्र मी तुला सांगणार नाही. त्याने मंदिरात चौरंग उलथले. शास्त्री-परुश्यांना, म्हणजे त्या काळच्या धर्मपुढाऱ्यांना, त्याने जे सुनावलं ते आजही अंगावर येतं. पण तो कुणावर रागावतो ते बघ. लोकांच्या खांद्यांवर जड ओझी बांधायची आणि स्वतः बोटही लावायचं नाही, अशांवर, हे मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात आहे. खाटेवरच्या आजाऱ्यावर तो हात उगारताना मला चारही शुभवर्तमानांत कुठे दिसला नाही. म्हणजे पित्याचा राग नाहीच असं नव्हे. तो तुझ्या घराच्या दिशेने नाही.

जुन्या पापांचं: खरोखर काही सलत असेल तर एकदा नीट कबूल कर आणि ते तिथेच ठेव. रोज रात्री उकरू नकोस. शिष्य पेत्राने येशूला ओळखत नाही म्हणत तीनदा नाकारलं. पुन्हा भेट झाली तेव्हा येशूने त्याचा पाढा वाचून घेतला नाही. माझ्यावर प्रेम करतोस का, हे तीनदा विचारलं आणि मेंढरं राखायचं काम हातात दिलं.

विश्वास खोटा आहे का, हेही विचारलंस. मार्कच्या नवव्या अध्यायात एका आजारी मुलाचा बाप ओरडून म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. एका श्वासात दोन्ही. येशूने त्याला आधी विश्वास पक्का करून ये म्हटलं नाही, मुलाला बरं केलं. तुझी आई बरी होईल असं मी यावरून सांगत नाही. ते वचन देणं माझ्या हातात नाही, आणि जे देतात त्यांच्यापासून जरा लांब राहा. सांगायचं एवढंच की अर्धामुर्धा विश्वास घेऊन आलेल्याला तिथे दार बंद नव्हतं.

आणि दादा. त्याच्याबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, पण सगळ्यात जास्त राग त्याच ओळीत आहे. क्षमा करायची म्हणजे तोंड मिटून सगळं एकटीने ओढायचं, असा विश्वासणाऱ्या बायकांचा एक समज असतो, त्याने पुष्कळ जणींची पाठ मोडली आहे. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात येशू सांगतो की भावाने अपराध केला तर जा आणि दोघंच असताना त्याला त्याची चूक दाखव. आणि वधस्तंभावर, श्वास घेणंही कठीण असताना, त्याने एक व्यवहाराची गोष्ट केली: आई शेजारी उभी होती, तिला आपल्या प्रिय शिष्याच्या हवाली केलं. त्या घटकेपासून शिष्याने तिला आपल्या घरी ठेवून घेतलं, असं योहान लिहितो. आईचं पुढे कोण बघणार, हा प्रश्न त्याने नुसत्या प्रार्थनेवर सोडला नाही. मग तू दादाकडे हक्काने मागितलंस तर तुझा विश्वास कमी होत नाही.

त्या बाईंशी वाद घालू नकोस, उपयोग होणार नाही. त्या पुन्हा आल्या तर आईच्या खोलीत उभ्या उभ्या बोलू देऊ नकोस, बसव, आणि म्हण: काकू, शनिवारी दुपारी दोन तास आईजवळ बसाल का, मी जरा झोपते. हो म्हणाल्या तर खरंच झोप. नाही म्हणाल्या तर सध्या प्रार्थनासभेला न गेल्याने तुझं काही बिघडत नाही. एखादी मैत्रीण घरी बोलाव, दोघी मिळून प्रार्थना करा. आणि झोप लागतच नसेल, सारखं रडू येत असेल, तर आईच्या तपासणीला जाशील तेव्हा डॉक्टरांना स्वतःबद्दलही सांग. आजाऱ्याचं करणारी माणसं खचतात, हे त्यांना नवं नाही.

दादाला या आठवड्यातच फोन कर. घाईत असेल अशा वेळी नको. औषधांचा कागद आणि दिवसभराच्या कामांची यादी समोर घेऊन बस आणि रडगाणं न गाता वाचून दाखव: सहाला हे, आठला ते, रात्री दोनला पुन्हा कूस. मग नेमकं माग. दर महिन्यात चार दिवस तू इथे येऊन राहा. ते जमत नसेल तर रात्रपाळीच्या मदतनीस बाईंचा पगार तू भर. ‘प्रार्थना करतोय’ म्हणाला तर हो म्हण, कर, आणि तारीख विचार.