दुःखाच्या काळात नामाला लागणाऱ्यास

वडील गेल्यानंतर महिन्याभरातच नोकरीही सुटली, अशा वेळी पांडुरंगाच्या मनात काय आहे हे कसे ओळखावे, असे तुम्ही विचारले आहे. माझा पहिला सल्ला असा की, ते ओळखण्याचा प्रयत्न सध्या करूच नका. ‘हे माझ्याच वाट्याला का’ याचे उत्तर लगेच मिळावे असा हट्ट बहुतेक सर्वजण आरंभी धरतात, आणि ते न मिळाल्यावर कोणत्यातरी जुन्या पापाचा दोष स्वतःला लावून घेतात.

तुकोबांकडे पाहा. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांचा व्यापार बुडाला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगाही गेला. दिवाळे निघाले ते बरे झाले, असे ते एका अभंगात देवाला म्हणतात खरे. पण ते उद्गार मागे वळून पाहणाऱ्याचे आहेत. तुम्ही आजच तसे म्हणावे, अशी अपेक्षा स्वतःकडून ठेवू नका.

तूर्त एवढेच करा:

- रोज ठरलेल्या वेळी हरिपाठाचा एकच अभंग म्हणा. पारायणाचा मोठा संकल्प इतक्यात नको.
- राग आला तर देवाशी भांडा. जनाबाईंनीही विठोबाला खडे बोल सुनावले आहेत. भांडण हे नाते तुटल्याचे लक्षण नव्हे.
- जवळच्या भजनी मंडळात मागे जाऊन बसा, गाता आले नाही तरी चालेल.

माझे मन नामात रमायला वर्ष लागले, तेव्हा घाई करू नका. प्रारब्ध आणि संचित यांविषयी पुढे बोलू. आई घरी एकट्या असतील, तर संध्याकाळचा अभंग त्यांच्याजवळ बसून म्हणा.