दोन स्फटिकांपासून सुरुवात कर

सोलापूर,
मे महिन्यातला तिसरा रविवार

प्रिय विद्यार्थ्यास,
सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र येऊन दहा दिवस झाले. पेट स्कॅनच्या प्रतिमा सुधारण्याचे संशोधन करायचे आहे, भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाले आहे, पण महाविद्यालयात पेटचे यंत्र तर सोडाच, त्यातला एक डिटेक्टरही नाही, तेव्हा सोलापुरात राहून सुरुवात कशी करावी, असे तू विचारले आहेस. सोबतची यादीही वाचली. तिच्यात प्रतिमा-पुनर्रचनेचे, म्हणजे मोजणीतून प्रतिमा उभी करण्याचे, तीन प्रोग्रॅम आहेत, मशीन लर्निंगचा एक अभ्यासक्रम आहे आणि इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्या मेंदूच्या काही प्रतिमा आहेत. स्पष्ट लिहिते, राग मानू नकोस: हा आधी कळस आणि मग पाया असा प्रकार झाला. पेटमध्ये प्रतिमा सर्वांत शेवटी येते. त्याआधी असते ती मोजणी, आणि मोजलेली घटना कुठून आली हे ज्याला सांगता येत नाही, त्याने कितीही सुंदर प्रतिमा काढली तरी तिच्यावर मी तरी भरवसा ठेवणार नाही.

यंत्राच्या बाजूने एकदा विचार करून पाहा. रुग्णाला दिलेल्या औषधातल्या फ्लोरिन-18च्या किरणोत्सारी अणूतून पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचे धनभारित प्रतिरूप, बाहेर पडतो, ऊतीत सरासरी अर्ध्या मिलिमीटरहून थोडे अधिक अंतर भटकतो, एखाद्या इलेक्ट्रॉनला भेटतो आणि दोघेही नाहीसे होऊन प्रत्येकी 511 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे दोन गॅमा फोटॉन जवळजवळ विरुद्ध दिशांना निघतात. रुग्णाभोवतीच्या कड्यातल्या दोन डिटेक्टरांना, म्हणजे फोटॉन पकडून प्रकाश देणाऱ्या स्फटिकांना, ते काही नॅनोसेकंदांच्या आत सापडले, तर यंत्र एवढीच नोंद करते की या दोघांना जोडणाऱ्या रेषेवर कुठेतरी काहीतरी घडले. यंत्राला गाठ दिसत नाही, मेंदू दिसत नाही. त्याच्याजवळ अशा कोट्यवधी रेषांची यादी असते आणि त्या यादीत खऱ्याबरोबर खोट्या रेषाही बेमालूम मिसळलेल्या असतात.

डिटेक्टर चांगला असण्याचा आपल्या गावाशी काय संबंध, असे तुला वाटत असेल, तर एक हिशेब मांडून पाहा. फ्लोरिन-18चे अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा वेळ, सुमारे 110 मिनिटे आहे. समज, औषध पुण्याच्या सायक्लोट्रॉनवर, म्हणजे असे किरणोत्सारी अणू बनवणाऱ्या यंत्रावर, तयार झाले आणि अडीचशे किलोमीटरचा रस्ता, भरणे-उतरवणे, तपासणी हे सगळे धरून इथे सुई टोचेपर्यंत साडेचार तास गेले. तेवढ्या वेळात अठरा टक्क्यांच्या आसपासच किरणोत्सार शिल्लक राहतो. रुग्णाला 370 मेगाबेक्वेरल (हे किरणोत्साराचे एकक) द्यायचे असतील, तर पुण्याहून निघताना कुपीत दोन हजारांहून अधिक असायला हवेत. आता डिटेक्टरांची संवेदनशीलता दुप्पट झाली, म्हणजे निम्म्या मात्रेत तेवढ्याच खऱ्या घटना मिळू लागल्या, असे धर. मग तीच कुपी आणखी एक अर्धायुष्य, म्हणजे 110 मिनिटे, उशिरा पोहोचली तरी चालेल. आपल्या रस्त्यांवर हे शंभर-एक किलोमीटर झाले. देशातले पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि पेट यंत्र 2002 साली मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाले, तेव्हा औषध आणि यंत्र एकमेकांच्या शेजारी होते. दूरच्या गावांसाठी स्फटिकाचा प्रत्येक मिलिमीटर रस्त्याच्या किलोमीटरमध्ये मोजावा लागतो, आणि माझ्या मते सोलापुरात बसून या विषयाकडे पाहण्याचा हाच खरा फायदा आहे.

मात्र संवेदनशीलतेचा हिशेब सरळ नाही. एलएसओ या ल्युटेशियमयुक्त स्फटिकात 511चा फोटॉन सरासरी साडेअकरा मिलिमीटर जातो. वीस मिलिमीटर लांबीचा स्फटिक घेतला, तर तो थांबण्याची शक्यता सुमारे 0.824 येते. पण आपल्याला दोन्ही फोटॉन हवे असतात, म्हणून हा आकडा स्वतःशीच गुणावा लागतो आणि हाती 0.68 उरते. स्फटिक लांब केला तर मोजणी वाढते, पण मग तिरक्या येणाऱ्या फोटॉनने स्फटिकात नक्की किती खोलवर ऊर्जा टाकली हे कळत नाही आणि कड्याच्या काठाकडच्या प्रतिमा पसरट होतात. या ओढाताणीवर आजही संशोधन चालू आहे.

शरीरात होणाऱ्या शोषणाचा हिशेब मला या साऱ्या विषयात सर्वांत देखणा वाटतो. पाण्यासारख्या ऊतीत या फोटॉनांचा क्षीणन-गुणांक, म्हणजे वाटेत ते घटत जाण्याचा दर, सेंटिमीटरला 0.096 आहे. वीस सेंटिमीटर जाडीच्या शरीरातून दोन्ही फोटॉन सुखरूप बाहेर पडण्याची शक्यता जेमतेम पंधरा टक्के असते. गंमत अशी की घटना कातडीजवळ घडो की मधोमध, ही शक्यता बदलत नाही, कारण एकाचा मार्ग जितका कमी होतो तितकाच दुसऱ्याचा वाढतो आणि दोन्ही मिळून जाडी तीच राहते. म्हणूनच ही दुरुस्ती एका फोटॉनवर चालणाऱ्या यंत्रांपेक्षा पेटमध्ये नेमकेपणाने करता येते. हे गणित कागदावर स्वतः सोडव. अर्ध्या पानाचे आहे, पण ते सोडवल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

आता खोट्या रेषांकडे वळते. एका प्रकारात फोटॉन वाटेत विखुरतो, दिशा बदलतो आणि रेष भलतीकडे जाते. विखुरताना त्याची थोडी ऊर्जा गेलेली असते, म्हणून ऊर्जेची मर्यादा घालून अशा पुष्कळ घटना गाळता येतात, सगळ्या नाही. दुसरा प्रकार अधिक फसवा असतो. दोन वेगवेगळ्या अणूंचे दोन फोटॉन योगायोगाने एकाच वेळी पोहोचतात आणि यंत्र त्यांना जोडीदार समजते. औषधाची मात्रा दुप्पट केली तर खऱ्या घटना दुप्पट होतात, पण हे योगायोग चौपट होतात. म्हणजे अधिक मात्रा दिली की प्रतिमा आपोआप सुधारते, हा समज चुकीचा आहे. योगायोग मोजण्याची जुनी युक्ती मला अजूनही फार आवडते. एका बाजूचा संकेत मुद्दाम काहीशे नॅनोसेकंद उशिरा पोहोचवायचा. खरे जोडीदार आता एकत्र येऊच शकत नाहीत, त्यामुळे तरीही ज्या जोड्या जुळतात त्या निव्वळ योगायोगाच्या असतात. तेवढी संख्या मूळ मोजणीतून वजा करायची.

ही युक्ती वाचून समजत नाही. ती हाताने करावी लागते, आणि त्यासाठी पेटचे यंत्र लागत नाही. दोन स्फटिक, त्यांच्यातल्या प्रकाशाचा विद्युत संकेत करणारे दोन फोटोमल्टिप्लायर, जोडीच्या घटना ओळखणारे साधे इलेक्ट्रॉनिक्स आणि सोडियम-22चा अगदी क्षीण स्रोत एवढे पुरते. स्रोत महाविद्यालयाने, अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांप्रमाणे, जबाबदार शिक्षकाच्या नावावर मागवायचा असतो. तो घरी किंवा दप्तरात कधीही येता कामा नये. स्रोत मध्ये ठेव, दोन डिटेक्टर समोरासमोर लाव, जोडीच्या घटना मोज आणि मग एक डिटेक्टर हळूहळू वर्तुळात फिरव. मोजणी धाडकन खाली येईल, पण शून्यावर येणार नाही. तू उशिराची युक्ती वापरशील, योगायोग वजा करशील, तरी काही घटना उरतील. बहुतेक विद्यार्थी इथे इलेक्ट्रॉनिक्सला दोष देतात. खरे कारण असे की सोडियम-22 पॉझिट्रॉनबरोबर जवळजवळ त्याच क्षणी 1275 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा तिसरा फोटॉनही सोडतो आणि तो कोणत्याही दिशेला जाऊ शकतो. त्याने अर्धवट ऊर्जा टाकली की तो 511चे सोंग घेतो. तो योगायोग नसल्यामुळे उशिराच्या युक्तीत सापडत नाही. फ्लोरिन-18मध्ये ही अडचण नाही. एवढे तुला स्वतःच्या आलेखावरून ओळखता आले, तर तुझे पहिले वर्ष सत्कारणी लागले असे मी समजेन.

पुढे कधी ल्युटेशियम असलेले एलएसओ किंवा एलवायएसओ स्फटिक मिळाले, तर आधी स्रोत न ठेवताच मोजणी करून पाहा. आकडे शून्य येणार नाहीत. निसर्गातल्या ल्युटेशियममध्ये अडीच टक्क्यांहून थोडे अधिक ल्युटेशियम-176 असते आणि ते स्वतःच किरणोत्सारी आहे. एलएसओच्या एका घनसेंटिमीटरमध्ये सेकंदाला तीनशेच्या आसपास विघटने होत असतात. बीटा कण त्याच स्फटिकात थांबतो आणि सोबतचा गॅमा फोटॉन समोरच्या स्फटिकात जाऊन खोटी जोडी जमवू शकतो.

स्फटिक हाताळण्याविषयी मात्र सविस्तर लिहिते, कारण हे पुस्तकात सापडत नाही. 511च्या एका फोटॉनमुळे एलएसओमध्ये साधारण पंधरा हजार प्रकाशकण निर्माण होतात. बीजीओ या जुन्या, बिस्मथयुक्त स्फटिकात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. त्यातले जितके फोटोमल्टिप्लायरपर्यंत पोहोचतील, तितकी ऊर्जेची आणि वेळेची मोजणी नेमकी होते. म्हणून स्फटिकाच्या पाच बाजू पांढऱ्या टेफ्लॉन टेपने गुंडाळायच्या. नळजोडणीला वापरतात तीच टेप चालते, पण एक पदर पुरत नाही; चार-पाच पदर, सुरकुती न पडू देता, कडांवर दाब न देता. सहाव्या बाजूला ऑप्टिकल ग्रीसचा मोहरीएवढा थेंब ठेवायचा, स्फटिक वरून हलकेच टेकवायचा आणि किंचित फिरवत दाबायचा, म्हणजे हवेचा बुडबुडा बाहेर निघून जातो. बुडबुडा राहिला तर ऊर्जेच्या आलेखावरचे 511चे शिखर डावीकडे सरकते आणि रुंद होते. तोच स्फटिक दहा वेळा बसवून दहा वेळा शिखर मोज. दहा आकड्यांमध्ये जो फरक पडेल तो तुझ्या हाताचा, स्फटिकाचा नव्हे. हा फरक माहीत नसताना दोन स्फटिकांची तुलना करणारे निबंध मी परीक्षक म्हणून बरेच परत पाठवले आहेत.

माझी स्वतःची फजितीही सांगते. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी माझ्या बीजीओ स्फटिकाचे शिखर रोज दुपारी सहा-सात टक्के खाली सरके आणि सकाळी पुन्हा जागेवर येई. सततच्या किरणोत्साराने स्फटिक थकतो आणि रात्रीच्या विश्रांतीने सावरतो, असा माझा सिद्धांत होता. त्यावर मी बारा पाने लिहिली. मार्गदर्शकांनी पहिले पान वाचून एकच प्रश्न विचारला: खोलीचे तापमान किती होते? माझ्या नोंदवहीत तो रकानाच नव्हता. जेवणाच्या सुट्टीत खोलीतले वातानुकूलन बंद होत असे आणि बीजीओचा प्रकाश एका अंशाला सुमारे एक टक्का घटतो, एवढेच त्या बारा पानांचे तात्पर्य निघाले. आजचे सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर तर त्याहून नाजूक आहेत. त्यांचा भंजन-विद्युतदाब, म्हणजे ज्याच्या वर ते काम करू लागतात तो दाब, एका अंशाला वीस-पन्नास मिलिव्होल्टने वाढतो आणि बाहेरून दिलेला दाब तोच राहिला तर लाभांक, म्हणजे संकेत किती पट मोठा होतो तो आकडा, घसरतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा 43 अंशांना टेकतो आणि वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, तेव्हा मोजणी पहाटे कर आणि तापमापक स्फटिकाला खेटून लाव, भिंतीवर नको.

यादीतल्या पुनर्रचनेच्या प्रोग्रॅमांविषयीही दोन शब्द. माझे वडील पूर्व भागात जेकॉर्डच्या मागावर चादरी विणत. ताण्याचा एक धागा तुटला आणि लक्षात आले नाही, तर चादरीवर शेवटपर्यंत एक रेघ उतरत जाते, आणि ती पाहून ते धागा कितवा हे सांगत. पेटच्या रेषा कोन आणि अंतर यांनुसार मांडल्या की सायनोग्राम तयार होतो, आणि कड्यातला एखादा डिटेक्टर बंद पडला असेल तर त्यात तिरकी काळी पट्टी उमटते. पुनर्रचना झाल्यावर तीच पट्टी प्रतिमाभर विरघळून जाते आणि मग ती कुणालाच सापडत नाही. म्हणून प्रोग्रॅम चालवण्याआधी कच्चा सायनोग्राम डोळ्यांनी पाहायची सवय लाव. गेट हा सिम्युलेशनचा प्रोग्रॅम मोफत मिळतो; त्यात एक डिटेक्टर मुद्दाम बंद करून ही पट्टी पाहता येईल. मशीन लर्निंग वाईट नाही, पण बंद डिटेक्टरची पट्टी पुसून गुळगुळीत प्रतिमा देणारे प्रारूप मला कौतुकापेक्षा काळजीचे वाटते.

वेळेच्या अचूकतेकडे सध्या सर्वांचे लक्ष आहे, त्यामुळे तुलाही तिचा मोह पडेल. दोन फोटॉनांच्या वेळेतला फरक 200 पिकोसेकंदांपर्यंत ओळखता आला, तर घटना रेषेवर तीन सेंटिमीटरच्या टप्प्यात बसवता येते आणि प्रतिमेतला गोंधळ कमी होतो. 10 पिकोसेकंद गाठता आले तर तो टप्पा दीड मिलिमीटरवर येईल. ते काम महागड्या इलेक्ट्रॉनिक्सचे आहे आणि त्यासाठी तुला पुढे मोठ्या प्रयोगशाळेत जावेच लागेल. तिथे जाशील तेव्हा दोन स्फटिकांची नोंदवही बरोबर ने. प्रवेशाच्या मुलाखतीत तिचा उपयोग गुणपत्रिकेपेक्षा अधिक होईल.

माझ्याकडे बीजीओचे दोन जुने स्फटिक आहेत, कडा थोड्या उडालेल्या, पण पहिल्या कामाला चालतील. तुझ्या विभागप्रमुखांशी मी बोलले आहे. सोडियम-22च्या स्रोताचा अर्ज ते त्यांच्या सहीने पाठवतील आणि तो येईपर्यंत तुला टेप गुंडाळण्याचा आणि अंधारपेटीतून प्रकाश कुठे झिरपतो ते शोधण्याचा सराव करता येईल. पुढच्या रविवारी सकाळी आठच्या आत ये, उन्हात येऊ नकोस. येताना टेफ्लॉन टेपची दोन रिळे आणि एक कोरी नोंदवही आण. तिचे रकाने आपण दोघे मिळून आखू. पहिला रकाना तापमानाचा असेल.

तुझी हितचिंतक