पुतण्याची सही, काकांची जमीन

सॅन अँटोनिओहून एका आईने लिहिलंय : मुलगा अमेरिकी सैन्यात चार वर्षं काढून सन्मानाने बाहेर पडला. आता धाकटे दीर म्हणतात, 'त्याच्या नावावर टेक्सास व्हेटरन्स लँड बोर्डाचं, म्हणजे माजी सैनिकांना जमिनीसाठी कर्ज देणाऱ्या सरकारी मंडळाचं, कर्ज काढू. शहराबाहेर दहा एकर घेऊ, हप्ते मी भरतो, जमीन माझी. सरकारी रोख्यांचा पैसा, कुणाचं काय जातं?' पाच टक्के अनामत त्यांनी मुलाच्या खात्यात टाकलीय आणि साध्या कागदावर करार लिहून आणलाय. नाही म्हटलं तर घरात वितुष्ट. काय करावं?

ताई, अर्ज अजून गेलेला नाही, हे वाचून माझा जीव भांड्यात पडला. मुलाला त्या कागदावर सही करू देऊ नका.

'कुणाचं काय जातं' याचं उत्तर आधी देते. 1946 साली टेक्सासच्या मतदारांनी घटनादुरुस्ती मंजूर करून अडीच कोटी डॉलरचे रोखे काढायला परवानगी दिली, युद्धावरून परतलेल्यांना जमीन घेता यावी म्हणून. रोखे घेणाऱ्यांचं मुद्दल आणि व्याज फिटतं ते सैनिकांच्या हप्त्यांतूनच. हप्ते कमी पडले, तर राज्याने दिलेल्या शब्दामुळे तिजोरीवर भार येतो. म्हणजे पैसा कुणाचाच नाही, असं नाही. तुमच्या मुलासारख्या पुढच्या माणसाचं कर्ज त्याच चक्रातून निघतं.

आता कागद. या योजनेत जमीन बोर्ड विकत घेतं आणि सैनिकाला हप्त्यांवर विकतं. आपल्याकडच्या भाषेत, साठेखत होतं, खरेदीखत नाही. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी बोर्डाचीच राहते आणि बोर्डाच्या परवानगीशिवाय सैनिकाला आपला हक्क दुसऱ्याला देता येत नाही. त्यामुळे दिरांचा तो कागद बोर्डापुढे कवडीमोल आहे. हप्ते थकले, तर बोर्ड करार रद्द करून जमीन पुन्हा विकू शकतं. तो डाग मुलाच्या नावावर लागेल, काकांच्या नाही. शिवाय हे कर्ज चालू असेपर्यंत त्याला स्वतःसाठी बोर्डाचं दुसरं जमीन-कर्ज मिळणार नाही.

सगळ्यात गंभीर गोष्ट : अर्जावर खरेदीदार म्हणून मुलगा आणि मागे खरा खरेदीदार दडलेला, हे कर्ज मिळवण्यासाठी केलेलं दिशाभूल करणारं लेखी विधान ठरू शकतं. टेक्सास दंड संहितेचं कलम 32.32 त्यासाठीच आहे.

याच बोर्डाच्या इतिहासात अशा सह्यांनी मोठा घात केलाय. 1954 च्या सुमारास टेक्सासमधल्या क्युएरो या छोट्या गावात अनेक माजी सैनिकांकडून, त्यांतले कित्येक कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाचे, कशावर सही करतोय हे न कळता जमीन-कर्जाच्या कागदांवर सह्या घेतल्या गेल्या. तिथल्या वृत्तपत्राचे संपादक केन टॉवरी यांनी ते प्रकरण बाहेर काढलं, 1955 साली त्यांना पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. बोर्डाचे अध्यक्ष असलेले राज्याचे लँड कमिशनर बॅस्कम गाइल्स तुरुंगात गेले. तुमचा मुलगा शिकलेला आहे, पण आपल्या माणसाच्या भिडेपोटी केलेली सही तितकीच महाग पडते.

अनामत बँकेतून बँकेतच परत करा, व्यवहार रद्द झाल्याचं दोन ओळींत लिहून घ्या. रोख देऊ नका.

दिरांशी बोलताना त्यांच्याच हिताचं बोला. तीस वर्षं हप्ते भरूनही खरेदीखत पुतण्याच्या नावानेच होईल. उद्या त्याचं लग्न झालं, घटस्फोट झाला, घेणेकरी मागे लागले, तर भावजींच्या हाती काय? त्यांना जमीन हवी असेल, तर स्वतःच्या नावाने साधं बँककर्ज काढावं. आणि पुतण्याने स्वतःसाठी घ्यावी, त्याला काकांनी खरोखर मदत करावी, असं असेल तर ती रक्कम बक्षीस म्हणून लेखी द्यावी आणि अर्जात तसं खरं सांगावं.

बोलणं तुम्ही करा, मुलावर टाकू नका. आणि हे सगळं वकिलीणबाईंनी सांगितलं, असं बेधडक म्हणा. राग माझ्यावर निघाला तरी चालेल.