एजंटला दीड लाख देण्याआधी

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे तुझ्यासारख्या बाकीच्यांनाही कळेल. तू सांगोल्याची, बी.एस्सी. कृषीच्या तिसऱ्या वर्षाला. तेल्या रोगानं डाळिंबाची बाग गेली आणि वडिलांनी ती उपटून टाकली. पुढच्या उन्हाळ्यात अमेरिकेत दोन-अडीच महिने संशोधनाची इंटर्नशिप करायची, मग तिकडेच एम.एस. आणि जमलं तर तिकडेच राहायचं, असा तुझा बेत आहे. सोलापुरातला एक एजंट दीड लाखात सगळं करून देतो म्हणतोय. आणि शेवटी लिहिलंयस, "ताई, माझ्याकडे अनुभव काहीच नाही."

मी मोहोळ तालुक्यातली. तिसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात कॅन्ससमध्ये दहा आठवडे काम केलं, परत येऊन पदवी पुरी केली, मग एम.एस.ला पुन्हा इकडे आले. माती आणि पाणी हाच माझा विषय, आज अकरा वर्षं झाली.

एजंटला एक रुपयासुद्धा देऊ नकोस. इंटर्नशिप देणारा असतो प्राध्यापक, आणि प्राध्यापक एजंटला ओळखतही नाहीत. मलाही एकानं सांगितलं होतं, "व्हिजिटर व्हिसावर जा, तिथं कोण विचारतंय." घरच्यांनी पैसे जुळवायला घेतले होते. पर्यटक व्हिसावर लॅबमध्ये किंवा प्लॉटवर राबणं नियमात बसत नाही, आणि एकदा अडकलीस की पुढे एम.एस.च्या व्हिसालाही ते आडवं येतं. तुझा रस्ता जे-१ व्हिसाचा, म्हणजे शिकायला-शिकवायला काही काळ येणाऱ्यांच्या व्हिसाचा, त्यातला 'स्टुडंट इंटर्न' हा प्रकार. विद्यापीठ तुला डीएस-२०१९ हा कागद देतं. डीएस-७००२ या फॉर्ममध्ये तू काय शिकणार, कोणाच्या हाताखाली, हे प्राध्यापक लिहून सही करतात. आठवड्याला किमान ३२ तास काम, तू तुमच्या कॉलेजात शिकत असल्याचा पुरावा आणि आरोग्य विमा, या तिन्ही गोष्टी सक्तीच्या. सेव्हिसचे, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे, २२० डॉलर आणि व्हिसा अर्जाचे १८५ डॉलर हे मला माहीत असलेले आकडे. शुल्क वाढत राहतं, भरण्याआधी पुन्हा बघ. मुलाखतीला मुंबईत बीकेसीच्या अमेरिकी वकिलातीत जावं लागेल. रात्री सिद्धेश्वर पकडलीस की सकाळी मुंबई. पासपोर्ट नसेल तर याच आठवड्यात अर्ज कर, सोलापुरात पोस्टातच केंद्र आहे.

जाहिराती वाचताना एक गोष्ट आधी बघायची: पैसा कोणाचा आहे. 'आरईयू' नावाचे उन्हाळी कार्यक्रम तुला सगळीकडे दिसतील. ते एनएसएफच्या, म्हणजे संशोधनाला पैसा देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेच्या पैशावर चालतात आणि तो पैसा फक्त अमेरिकेचे नागरिक आणि ग्रीन कार्डवाले यांनाच मिळतो. तिथे अर्ज करून मी महिनाभर वाट बघत बसले होते. आपल्याला सरळ प्राध्यापकाला लिहायचं, आणि त्यांच्या स्वतःच्या प्रकल्पात पैसा असेल तर ते बोलावतात. कॅनडाचं मिटॅक्स ग्लोबलिंक हे संशोधन इंटर्नशिपचं मात्र भारतीय विद्यार्थ्यांना खुलं आहे, १२ आठवड्यांचं, पण त्याचा अर्ज आदल्या वर्षी सप्टेंबरच्या आसपासच बंद होतो. अमेरिकेतले प्राध्यापक उन्हाळ्याची माणसं साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ठरवतात. म्हणजे तुला पत्रं पाठवायची ती दिवाळीच्या आसपास.

एक अडचण कोणी आधी सांगत नाही. इथलं काम मेच्या शेवटी सुरू होतं आणि आपल्या सेमिस्टरच्या परीक्षा कधी कधी जून-जुलैपर्यंत लांबतात. सहयोगी अधिष्ठात्यांना आत्ताच भेट आणि परवानगीचं पत्र लेखी घे. तोंडी "बघू की" वर राहू नकोस.

आता अनुभवाचं. यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

मी एक्केचाळीस प्राध्यापकांना लिहिलं, तिघांचं उत्तर आलं. पहिली तीस-एक पत्रं मी "मला लहानपणापासून शेतीची आवड आहे" अशी लिहिली होती. एकाचंही उत्तर नाही. मग मी आमच्या रानाबद्दल लिहायला लागले. आम्ही मालदांडी पेरतो, मोहोळच्याच संशोधन केंद्रातून निघालेली ३५-१. पेरणीनंतर पाऊस जवळपास नसतो, पीक येतं ते जमिनीत मुरलेल्या ओलीवर. त्या वर्षी मी पेरणीला, पोटरीत असताना आणि काढणीला आमच्या रानातली माती काढून कॉलेजच्या ओव्हनमध्ये वाळवली होती. तीनदा, तीन-तीन खोलींवर काढलेले ते नऊ आकडे पत्रात घातले आणि विचारलं, "तुमच्या भागातली ज्वारी इतक्या ओलीवर तग धरते का?" कॅन्ससचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं.

ज्वारीचं सगळ्यात जास्त उत्पादन घेणारं अमेरिकेतलं राज्य म्हणजे कॅन्सस. इथे तिला मायलो म्हणतात. आपली मालदांडी डोक्याच्या वर जाते, ही जेमतेम छातीपर्यंत, तांबूस कणसाची, कापणी कंबाइननं व्हावी म्हणून बुटकी केलेली. भाकरी कोणी करत नाही, जनावरांना घालतात आणि इथेनॉल काढतात. कणसं आलेलं ते रान पहिल्यांदा बघून माझं मन खट्टू झालं, खरं सांगते. पण काम तेच होतं. सकाळी सहाला प्लॉटवर जायचं, लोखंडी प्रोब पायानं जमिनीत दाबायचा, मातीची कांडी बाहेर काढायची, खोलीप्रमाणे तुकडे करून डब्यात भरायचे. लॅबमध्ये आल्या आल्या वजन, मग १०५ अंशांवर चोवीस तास, मग पुन्हा वजन. एका डब्यातली माती ओली १८२ ग्रॅम, वाळून १५०. म्हणजे ३२ ग्रॅम पाणी, कोरड्या मातीच्या एकवीस टक्के. माझ्या वहीत मोहोळचाही एक आकडा एकवीसच होता, आणि त्या दिवशी आमच्या ज्वारीनं माना टाकल्या होत्या. इथे मात्र पीक हिरवंगार उभं. मी वही घेऊन प्राध्यापकांकडे गेले. त्यांनी खुर्ची ओढून दिली आणि तासभर समजावलं: आपल्या काळ्या मातीत चिकणमाती इतकी की ती पाणी धरून ठेवते, मुळांना सोडत नाही. इथल्या पोयट्यात तेवढंच पाणी पिकाला सहज ओढता येतं. पुढे माझ्या एम.एस.चा विषय त्या एका तासातून निघाला.

म्हणून म्हणते, अनुभव तुझ्या बांधावर आहे. केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र तुझ्या जिल्ह्यात आहे, तेल्यावर तिथे काम चालतं. सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन १९३३ पासून सुरू आहे. सांगोल्याहून तिथे जाऊन एक महिना जरी कोणाच्या हाताखाली राबलीस, तरी तुझ्या पत्राला वजन येईल. भारतातल्या तिन्ही विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप दोन महिन्यांची असते, तिचाही अर्ज भर. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट आहे, ज्वारीवर जगभर नाव असलेली संस्था, आणि सोलापूरहून एका रात्रीच्या अंतरावर. यातलं काही मिळालं तर अमेरिकेची घाई करू नकोस. मला हे उशिरा समजलं.

आणि शेती म्हणजे फक्त पीक असं धरून बसू नकोस. इथे कोन्झा प्रेरी नावाचं मोठं गवताळ रान आहे, तिथे वसंतात ठरवून गवत पेटवतात आणि पुढे काय उगवतं ते वर्षानुवर्षं मोजतात. नान्नजचं माळढोक अभयारण्य बघितलेल्या मुलीला त्यात नक्की रस वाटेल.

माझ्याकडून झालेली एक चूक सांगते, ती तू करू नकोस. कापून आणलेल्या ताटांच्या चौसष्ट कागदी पिशव्यांवर मी जेल पेननं नंबर घातले. पहाटेच्या दवानं सगळी शाई पसरली. अकरा पिशव्या कोणत्या प्लॉटच्या हे शेवटपर्यंत कळलं नाही आणि तेवढा डेटा गेला. दोन रात्री झोप लागली नाही मला. तेव्हापासून पिशवीवर परमनंट मार्कर, आत पेन्सिलनं लिहिलेली चिठ्ठी, आणि वहीत तिसरी नोंद.

येताना शेंगाचटणी आण, कडक भाकरी आण, आणि फॉर्मवर खायचं सामान आहे असं खरं लिही. बियाणं आणि माती मात्र चिमूटभरही आणायची नाही. मातीला इथल्या कृषी खात्याची परवानगी लागते, संशोधनाचं बियाणं आपल्याकडून दिल्लीच्या एनबीपीजीआर या सरकारी संस्थेमार्फत रीतसर जातं. विमानतळावर "शेतावर गेला होतात का" असं विचारतात, कारण आपल्याकडे जनावरांत लाळ्या-खुरकूत आहे. हो म्हणायचं, आणि बूट घरूनच घासून धुऊन आणायचे. उन्हाची तुला सवय आहे, गोचिडांची नसेल. पँट मोज्यात खोचून रानात जायचं आणि रात्री अंग तपासायचं. वादळाच्या भोंग्याची महिन्यातून एकदा चाचणी होते. पहिल्यांदा तो वाजला तेव्हा मला गिरणीत कामाला असलेले आजोबा आठवले, घाबरायलाही सुचलं नाही.

राहण्याबद्दल विचारलंस. इंटर्नशिपमधून थेट राहता येत नाही, काम संपलं की तीस दिवसांत निघावं लागतं. पण उन्हाळ्यात तुझं काम बघितलेला प्राध्यापकच पुढे एम.एस.साठी असिस्टंटशिप, म्हणजे शिकता शिकता विद्यापीठातच काम, देतो, आणि असिस्टंटशिप असेल तर बहुतेक ठिकाणी फी माफ होऊन वर पगार मिळतो. आपली कृषीची पदवी चार वर्षांची असल्यानं प्रवेशाला अडत नाही. कर्ज काढून एम.एस.ला येऊ नकोस, या विषयात त्याची गरज नाही. घरच्यांना मी सांगायला हवं असेल तर रविवारी सकाळी फोन लाव, तुझ्या आईशी मी बोलेन. माझी आई पहिले दोन आठवडे रोज "जेवलीस का?" एवढंच विचारायची आणि फोन ठेवून रडायची, हे मला नंतर बहिणीकडून कळलं.

वडील आता त्या बागेच्या जागी ज्वारी करणार असतील तर हस्ताच्या पावसाआधी एक काम कर. जुन्या ओळींतून तीन जागा आणि ओळींच्या मधून तीन जागा निवड. प्रत्येक ठिकाणी ० ते १५, १५ ते ३० आणि ३० ते ६० सेंटिमीटर खोलीची माती वेगवेगळी काढ, अठरा पिशव्या होतील. ओलं वजन त्याच दिवशी घे, नंतर कॉलेजच्या ओव्हनला लाव. ठिबकखाली इतकी वर्षं राहिलेली माती आणि मधली कोरडी माती यांत काय फरक निघतो ते मला कळव, मग पहिलं पत्र आपण दोघी मिळून लिहू.