करवंदाचं कुंपण: कोयता कधी चालवायचा?

पावसाळा तोंडावर आला की करवंदाबद्दल विचारणा सुरू होते. यंदाचे प्रश्न असे: बांधावर आपोआप उगवलेलं काटेरी झुडूप करवंदच आहे ना, कारण फांदी मोडली की पांढरा चीक येतो? कुंपण दाट झालं, पण फळ का धरत नाही? आणि रोपं बियांपासून करावीत की कलमं आणावीत?

आधी ओळख. करवंद कण्हेरीच्या कुळातलं, त्यामुळे चीक असणारच. मात्र या कुळात विषारी झाडं बरीच आहेत, म्हणून नुसत्या चिकावरून ओळख पटवू नका. पानं बघा. ती समोरासमोर जोडीनं येतात, एक ते तीन इंच लांब, चिवट, वरून गडद हिरवी नि तुकतुकीत. कण्हेरीचं पान लांबट आणि अरुंद असतं, एका पेरावर सहसा तीन पानं असतात आणि काटा नसतो. करवंदाला काटे जोडीनं येतात, कधी टोकाशी दुभंगलेले. काटा मोडून बघा (हातमोजा घालून). गुलाबाचा काटा सालीसकट सुटून येतो. करवंदाचा सुटत नाही, कारण ती मुळात फांदीच आहे, आत लाकूड असलेली. फुलं पांढरी, पाच पाकळ्यांची, जाईसारख्या वासाची. कळी पिळलेल्या वातीसारखी दिसते. फूल आणि काटा दोन्ही पाहिल्याशिवाय फळ तोंडात घालू नका, विशेषतः पोरांना सांगा.

आता फळ न धरण्याचं. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी कुंपण दिवाळीनंतर, सवड मिळाली तेव्हा, छान सरळ रेषेत छाटलेलं असतं. दिसायला उत्तम, पण करवंदाचे फुलोरे फांद्यांच्या शेंड्यांकडे येतात. सह्याद्रीतल्या जाळ्यांना साधारण माघ-फाल्गुनात बहर येतो आणि एप्रिल-मेमध्ये फळ पिकतं. ऐन थंडीत शेंडे उडवले की त्या वर्षीचा बहर कोयत्याबरोबरच गेला. छाटणी फळं उतरल्यावर लगेच, पाऊस स्थिरावायच्या सुमारास करा. म्हणजे नवे शेंडे पक्व व्हायला पुरेसा वेळ मिळतो. दरवर्षी चारही बाजूंनी भादरायचं असेल तर फळाची आशा सोडा. कुंपण आणि फळ दोन्ही हवं असेल तर रस्त्याकडची बाजू छाटा, शेताकडची मोकळी ठेवा.

एकानं जाळीच्या आतली पानं उन्हाळ्यात पिवळी पडून गळतात म्हणून फवारणी विचारली आहे. काही फवारू नका. सदाहरित झाडाचीही जुनी पानं गळतात, फक्त एकदम सगळी गळत नाहीत. शेंड्याकडची पानं पिवळी पडली, तर मात्र बुडाशी पाणी साचतंय का ते बघा. करवंदाला मुरमाड, कातळाची, हलकी जमीन चालते. तुंबलेलं पाणी चालत नाही.

रोपांचं म्हणाल तर कुंपणाला बियाणंच बरं. पूर्ण पिकलेल्या फळातल्या बिया गर धुऊन सावलीत सुकवा आणि लगेच पिशव्यांत पेरा. पुढच्या हंगामासाठी ठेवल्या तर उगवण घटते. दोन-तीन फुटांवर एक रोप लावलं की काही वर्षांत जनावर शिरणार नाही अशी जाळी होते. पण बियांच्या रोपांत एकसारखेपणा येत नाही. एका जाळीचं करवंद साखरेसारखं, शेजारच्या जाळीचं आंबटढाण, हे आपण रानात पाहतोच. फळ फोडून आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी, हा पोरांचा खेळही या फरकावरच चालतो. विक्रीसाठी लागवड करायची असेल तर गुटी कलमं (झाडावरच्याच फांदीला मुळं फोडून केलेली रोपं) घ्या. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण बोल्ड’ ही मोठ्या फळाची जात त्यासाठी विचारात घ्या.

काढणी कशासाठी, हेही आधी ठरवा. लोणच्याला फळ हिरवं, टणक हवं. जेलीला रंग चढू लागलेलं, कारण त्यात जेली घट्ट करणारं पेक्टिन भरपूर असतं. बेकरीत केकवर ‘चेरी’ म्हणून जे लाल फळ बसतं, ते पुष्कळदा पाकवलेलं करवंदच असतं. त्या मालाला जून पण न पिकलेलं फळ लागतं. हिरवी फळं चिरताना हाताला तेल लावा आणि फोडी मिठाच्या पाण्यात टाका, चीक सुटतो. काळं पिकलेलं फळ फार टिकत नाही. पहाटे तोडा, उथळ टोपलीत ठेवा आणि त्याच दिवशी बाजार गाठा.