सोलापूर जिल्ह्यात शेतीचं अनुदान नक्की कोणाच्या पदरात पडतं?

तुमचा प्रश्न असा, की आमच्या जिल्ह्यात शेतीची सरकारी अनुदानं खऱ्या शेतकऱ्याला मिळतात की पुढाऱ्यांच्या माणसांना. मोहोळ तालुक्यात माझं ठिबकचं दुकान आहे. त्यामुळं अर्ज भरणारे, पूर्वसंमतीची वाट बघणारे आणि मध्येच नाद सोडणारे, सगळेच माझ्याकडं येतात. ओळखपाळख चालत नाही असं मी म्हणणार नाही, पण खरी चाळणी सातबारा आणि पाणी या दोनच.

केंद्राच्या पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये आणि राज्याच्या नमो शेतकरीचे ६,००० हे त्यातल्या त्यात सरळ वाटले जातात. नवरा, बायको आणि अल्पवयीन मुलं मिळून एक कुटुंब. जमीन दोन एकर असो की वीस, रक्कम तेवढीच. आयकर भरणारे आणि चतुर्थ श्रेणी सोडून बाकीचे सरकारी नोकर वगळलेत. १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन विकत घेतलेलाही बसत नाही.

ठिबकचं गणित वेगळं. पाच एकरांपर्यंतच्याला ८० टक्के अनुदान, त्यावरच्याला ७५. कागदावर झुकतं माप लहानाकडंच आहे. पण आधी पूर्वसंमती, मग संच बसवायचा, बिल जोडायचं, मोका तपासणी, म्हणजे रानात येऊन पाहणी, व्हायची आणि त्यानंतर कधीतरी खात्यात पैसे. शिवाय टक्केवारी सरकारनं ठरवलेल्या खर्चाच्या मापदंडावर धरतात, माझ्या बिलावर नाही. तोवर रक्कम अडकवून ठेवायला उसाचं बिल नाहीतर डाळिंबाचे पैसे गाठीशी लागतात. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात नुसत्या ओलीवर ज्वारी काढणारा माझ्याकडं येईलच कशाला? त्याला विहीरच नाही. म्हणून ही योजना उजनीच्या कालव्याखाली आणि नदीकाठी जास्त मुरते. सांगोला मात्र याला चांगला अपवाद. तालुका दुष्काळी, पण शेततळं आणि ठिबक यांच्या जोरावर तिथं चार-पाच एकरवाल्यांनीही डाळिंब उभं केलं.

आता ज्याला कोणी अनुदान म्हणतच नाही ते बघा. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, कारण उरलेली किंमत सरकार खत कंपनीला भरतं. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपाला एप्रिल २०२४ पासून वीज मोफत आहे. याला ना अर्ज, ना सोडत. पण जेवढ्या गोण्या आणि जेवढे तास मोटर, तेवढा फायदा. ऊसवाल्याच्या वाट्याला यातून किती येतं आणि ज्वारीवाल्याच्या किती, हे सांगायला मी कशाला पाहिजे!

सगळ्यात बाहेर राहतो तो अर्धलीनं, म्हणजे निम्म्या वाट्यानं दुसऱ्याचं रान कसणारा. मालक पुण्याला नाहीतर पिंपरीला, रान याच्या अंगावर. ई-पीक पाहणीवर, म्हणजे पिकाच्या सरकारी नोंदीत, नाव मालकाचं, अतिवृष्टीची भरपाई मालकाच्या खात्यात, आणि जमिनीच्या नोंदीला जोडलेला फार्मर आयडी सक्तीचा झाल्यापासून तर हा दरवाजा आणखीच घट्ट बसला. मालक माणूस बरा असेल तर अर्धी रक्कम हातावर ठेवतो. खताच्या दुकानात अंगठा लावून मिळते ती स्वस्त गोणी, एवढंच काय ते त्याच्या हक्काचं. बायकांचंही तेच. खुरपणीपासून काढणीपर्यंत रानात त्या, सातबाऱ्यावर सासऱ्याचं नाव. सासरा वारला तरी वारस नोंद भावाभावांच्या भांडणात रखडते, आणि तोवर त्या गटावर ना ठिबक ना शेततळं.

तुमच्या गावातलं तपासायचं असेल तर पीएम किसानच्या संकेतस्थळावर गाववार लाभार्थी यादी कोणालाही बघता येते. ती घ्या आणि गावातल्या जाणत्या माणसाजवळ बसून, त्यातलं कोणाचं रान कोण कसतं ते एकेका नावापुढं लिहून काढा.