दीड, अडीच आणि इंग्रजीने गमावलेला 'दुसरा अर्धा'

प्रश्न असा: 'वन अँड अ हाफ अवर' बरोबर की 'अवर्स'? आणि दीड-अडीचसाठी इंग्रजीत सुटे शब्द का नाहीत?

आधी मनातली चीड सांगतो. मुलं हल्ली सर्रास 'साडेएक', 'साडेदोन' म्हणतात आणि मोठी माणसं कौतुकानं हसतात. मला ते ऐकवत नाही. व्याकरणं तरी काय करतात? साडेतीनपासून नियम सांगतात आणि दीड-अडीचवर 'अपवाद' असा शिक्का मारून मोकळी होतात. अपवाद कसले? त्यांचा नियमच वेगळा आहे, आणि फार देखणा आहे.

अडीच म्हणजे संस्कृत अर्धतृतीय, प्राकृतात अड्ढाइज्ज. दोन पुरते झाले, तिसरा अर्धाच झालाय. याचा अर्थ 'तिनाचं अर्धं' असा लावणारे विद्वान भेटतात. त्यांनी एकदा हिशेब करून पाहावा, उत्तर दीड येतं! दीडसुद्धा तसाच: द्व्यर्ध, म्हणजे दुसरा अर्धा.

आणि इंग्रजीत असे शब्द नाहीत, ही गोष्ट फक्त आजची. हजार वर्षांपूर्वीची इंग्रजी दीडला 'ओदर हेअल्फ' म्हणायची. 'अदर'चा जुना अर्थ 'दुसरा'. दिवसाआडला 'एव्हरी अदर डे' म्हणतात, त्यात तो अजून जिवंत आहे. अडीचलाही ती 'तिसरा अर्धा'च म्हणे. म्हणजे शब्दशः आपला अर्धतृतीय! जर्मन माणूस आजही दीडला 'आन्डर्टहाल्ब' म्हणतो आणि घड्याळात अडीच वाजले की 'हाल्ब ड्राय', अर्धे तीन. डॅनिशमधला पन्नास हा मुळात अडीच विसा, तोही 'अर्धा तिसरा' धरूनच. रोमनांच्या सेस्टर्शियस नाण्याच्या नावातही 'अर्धा तिसरा' आहे, कारण ते मुळात अडीच 'अस्' (त्यांचंच दुसरं, लहान नाणं) किमतीचं होतं.

माझं मत असं, की ही मोजणी चालत्या माणसाची आहे. दोन कोस मागे पडले, तिसऱ्याच्या मध्यावर आलो. 'टू अँड अ हाफ' ही बसून केलेली बेरीज: दोन ठेवले, वर अर्धा टाकला. इंग्रजीनं चाल सोडली, बेरीज धरली.

वचनातही हाच फरक दिसतो. आपण दीड महिना, दीड रुपया म्हणतो. अडीच मात्र महिने, अडीच रुपये. गणपती दीड दिवसाचा, पण पाच दिवसांचा. दुसरा दिवस पुरा झालेलाच नाही, मग अनेकवचन कशाला? इंग्रजीत एकाच्या वर जरा गेलं की अनेकवचन लागतं.

म्हणून 'अवर्स'.